भीमेच्या बेटावरचा क्रूस

मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला भीमेच्या पात्रात वाळूचं एक बुटकं बेट होतं. त्यावर माणसाहून उंच सागवानी क्रूस रोवायचा, एवढ्या साध्या कामासाठी सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तीन माणसं सकाळीच निघाली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या शिबिरातली झाडून सगळी पोरं काठावर उभी राहून त्या क्रूसाकडे पाहत प्रार्थना करणार होती. शिबिराचा शेवट डोळ्यांत भरणारा झाला पाहिजे, असं बापूसाहेबांचं मत होतं. आणि बापूसाहेबांचं मत झालं, की शिबिरात त्याला प्रभूची इच्छा म्हणायची पद्धत होती.

शिबिर चालवणारे बापूसाहेब दौंडचे निवृत्त रेल्वे गार्ड. आपण झेंडी हलवली की अख्खी गाडी हलते, हे जन्मभर पाहिल्यामुळे त्यांचा स्वतःच्या हातावर दांडगा विश्वास. करुणा त्यांच्याच चर्चमधली, बी.कॉम. झालेली, सलग तिसऱ्या वर्षी शिबिरात राबणारी. ती आली होती आत्मिक वाढीसाठी. पहाटे झाडाखाली वचन वाचावं आणि आत काहीतरी उजळावं, अशी तिची कल्पना. प्रत्यक्षात पहाटे संडासाचे खड्डे बुजवायचे असत, दिवसभर पोरांच्या उवा आणि मारामाऱ्या निवडायच्या असत, आणि संध्याकाळी आत उजळायच्या आधीच डोळे मिटत. कारेगावच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायची नोकरी तिला चालून आली होती. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: या खेपेला आत काही हललं तर शिबिराच्या कामात राहायचं, नाहीतर सरळ कारेगाव. देवाला मुदत देणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण कारखानाही थांबायला तयार नव्हता.

तिसरा भैरू. वाडवडलांनी मेंढरं राखली, याने ऊस लावला. काठालगत त्याचं शेत होतं, आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब होती. तिच्यावर क्रूस आडवा टाकून तिघं पाण्यात उतरली.

पाणी कमरेइतकं होतं. तळाशी मात्र चिखल असा, की टाकलेला पाय परत मागावा लागे. मध्येच जलपर्णीचा तांडा आडवा आला. तो हातांनी फाडत वाट काढावी, तर पलीकडे वेड्या बाभळीच्या बुडालेल्या फांद्या!

"ताई, हितनं जपून. काटा लई वंगाळ," भैरू म्हणाला.

"पुढे बघ, भैरू!" बापूसाहेब मागून ओरडले. "इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून गेले."

"गेले असतील, सायेब. त्यात बाभळी नसत्याल."

बेटावर पोचल्यावर ट्यूब वाळूवर ओढून ठेवली. ती बांधायचं कुणालाच सुचलं नाही. वाळूवरची वस्तू जाते कुठं! खड्डा खणायला घेतला, पण गुडघाभर खणला की तळाला पाणी फुटे आणि कडा ढासळत. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच.

"पाणी लागलं!" बापूसाहेब हरखून म्हणाले. "करुणा, ही खूण आहे. खडकातून झरा फुटला होता, आठव."

"पण अंकल, खड्ड्यात पाणी असलं तर क्रूस उभा कसा राहणार?"

"म्हणूनच आधी प्रार्थना. साखळी प्रार्थना."

साखळी प्रार्थनेचा नियम असा: हातात हात घ्यायचे, डोळे मिटायचे, एकाने प्रार्थना संपवून शेजाऱ्याचा हात दाबला की शेजाऱ्याने सुरू करायचं. पुढाऱ्याने आमेन म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. इथे साखळीला कड्या दोनच, त्यामुळे ती फिरून फिरून बापूसाहेबांकडेच येत होती. त्यांनी खड्ड्यासाठी मागितलं, पोरांसाठी मागितलं, आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी मागितलं, आणि नव्या स्टेशन मास्तरला सद्बुद्धी मागितली. भैरू टोपी काढून, हात जोडून बाजूला उभा होता. त्याचे डोळे उघडे होते.

करुणाच्या पावलांना गार लागलं. तिला वाटलं, आत काहीतरी हलतंय. ती मन एकवटून वाट पाहू लागली. गारवा घोट्यापर्यंत चढला.

"आमेन," बापूसाहेब म्हणाले.

तिने डोळे उघडले. ती घोटाभर पाण्यात उभी होती. बेट निम्मं झालं होतं, आणि ट्यूब पार लांब, जलपर्णीच्या कडेकडेने, सावकाश चालली होती.

"ट्यूब!" करुणा किंचाळली. "भैरू मामा, तुम्ही बघत नव्हता?"

"बगत व्हतो की. उचलली, फिरली, गेली."

"मग सांगायचं नाही?"

"तुमचं देवाचं चाललं व्हतं. मधी कसं बोलावं?" भैरूला प्रश्नच विचित्र वाटला. "आन् खाली बंधाऱ्याला ढापे टाकल्यात. फुगवटा चढणारच. मला वाटलं, तुमी पाणी चढायचाच मुहूर्त धरलाय."

बंधाऱ्याची दारं लोखंडी ढाप्यांनी बंद केली की पाणी मागे फुगतं, ही गोष्ट बायबलात नसल्यामुळे बापूसाहेबांच्या लक्षात आली नव्हती.

भैरूने पाण्यात सूर मारला. बऱ्याच वेळाने तो परतला तेव्हा ट्यूब त्याच्या गळ्यात सापाच्या कातेसारखी लोंबत होती. बाभळीने आपलं काम केलं होतं. करुणाने काठाकडे हाका मारल्या, पण उसात पाण्याची इंजिनं धडधडत होती. कुणाचं डोकं वर निघालं नाही.

"पोहत जाऊ," ती म्हणाली. विहिरीत भावांबरोबर ती पोहायला शिकली होती. "चला अंकल."

बापूसाहेब एक पाऊल मागे सरकले. दरवर्षी काठावर शिट्टी घेऊन ते पोरांना सांगत, विश्वास ठेवा, पाणी उचलून धरतं.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले.

भैरूला हसू आलं, पण त्याने ते टोपीत लपवलं. करुणाला हसू आलं नाही. ज्यांच्या शब्दावर तिने तीन वर्षं खड्डे बुजवले, ते गृहस्थ ओल्या मोज्यांत उभे होते आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. डोळे मिटून विचारावं, असं तिला सवयीनं वाटलं. पण डोळे मिटायची तिला भीती वाटली.

"क्रूसावर पालथे झोपा," ती म्हणाली. "हात आडव्या दांड्यावर. मामा, तुमचा कमरेचा पटका आहे ना? तो पुढे बांधा आणि ओढा. मी मागून ढकलते."

"क्रूसावर? मी?" बापूसाहेब हबकले. "हे बरं दिसणार नाही, करुणा."

"बघायला कोण आहे? मामा आणि बगळे."

"पण तो पवित्र..."

"माणसासाठीच केलाय ना तो, अंकल? झोपा!"

अशा आवाजात बापूसाहेबांशी आजवर फक्त रेल्वेचे मोठे साहेब बोलले होते. ते झोपले.

सागवान बुडालं नाही. पाणी हनुवटीशी आलं, जलपर्णी मागे पडली, काठावरची चिंच थोडी मोठी दिसू लागली. सगळं ठीक चाललं होतं. मग खालच्या फांदीने क्रूसाचा पाय धरला. क्रूस कलला. बापूसाहेब घसरले!

त्यांनी हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला करुणाचा गळा. दोघं खाली गेली. हिरवं पाणी. नाकात पाणी. कानात ढोल! करुणाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, पाय झाडून वर आली, केसांना धरून त्यांनाही वर काढलं आणि त्यांचा हात दांड्यावर आपटला.

"दांडा! दांडा धरा! मला नाही!"

"प्रभू..." बापूसाहेब गुदमरत म्हणाले.

"प्रभू आहे! तुम्ही पाय मारा!"

त्यांनी पाय मारले. ती म्हणत राहिली, पाय मारा, पाय मारा. मध्येच तिच्या ध्यानात आलं, की या शब्दांत ती कुणाकडे तरी काहीतरी मागते आहे, आणि इतकं कळकळून तिने आजवर काहीच मागितलं नव्हतं. पण ते तपासून बघायला सवड नव्हती. ती ढकलत राहिली.

काठाशी चिखल लागला तसा भैरूने पटका सोडून बापूसाहेबांना बगलेत धरलं. मोकळा झालेला क्रूस जागीच एक गिरकी घेऊन पात्राकडे सरकला.

"क्रूस चालला!" बापूसाहेब उठू लागले.

"जाऊ द्या."

"उद्या पोरं बघणार काय?"

करुणाने मागे पाहिलं. बेटाच्या जागी आता नुसते चार बगळे पाण्यावर उभे असल्यासारखे दिसत होते. क्रूस त्यांच्यापासून लांब, निवांत, दौंडच्या दिशेने निघाला होता.

"नदी बघतील," ती म्हणाली. "चांगली आहे. आणि पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी पोहणं. पहिला नंबर तुमचा."

"पुढच्या वर्षी?" बापूसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कारेगावबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं.

"शिट्टी माझ्याकडे राहील," करुणा म्हणाली, आणि खाली बसून पायातला काटा काढू लागली.

भैरूची बायको गीताबाई उसातून फडकं घेऊन आली. तिघांचा अवतार पाहून ती थबकली. ट्यूब वाहून गेल्याचं भैरूने सांगितलं.

"अवो, तिघं शानीसुरती माणसं आन् एक ट्यूब राखता आली न्हाई?"

"देवाचं चाललं व्हतं," भैरू म्हणाला.

"देवाला सांगायचं, जरा थांब म्हून! त्यो काय परका हाय?" तिने फडकं सोडून भाकरी करुणाच्या हातात दिली. "खा बाई आधी. पार गारठलीस."

करुणाने भाकरी मोडली. एक तुकडा भैरूला दिला, एक बापूसाहेबांपुढे धरला.

"अगं, सोता घास घे की, वाटत काय बसलीस?" गीताबाई करवादली.

बापूसाहेबांनी तुकडा हातात घेतला. चर्चमध्ये भाकर मोडताना म्हणतात ते म्हणायला तोंड उघडलं, आणि उघडलंच आहे तर म्हणून त्यात भाकरी घातली.