वारा हरवलेली बोळकांडी

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गावात चला. फ्रान्समधलं लहानसं बाजाराचं गाव, मोंब्रियाक. खाली वळण घेत जाणारी नदी, वर टेकडी, टेकडीच्या माथ्यावर चौक. चौकाच्या मधोमध लाकडी खांबांवर उभं छप्पर. त्याला भिंती नाहीत, कारण बाजाराच्या दिवशी चारही बाजूंनी गाड्या आत यायच्या. सातशे वर्षांपूर्वी गाव वसवताना दोरी लावून सरळ रस्ते आखले आणि शेजारच्या दोन घरांमध्ये हातभर बोळकांडी सोडली. का सोडली असेल? लगेच सांगत नाही, विचार करा.

आता डोळे उघडा. हे गाव शारजात आहे, अल नहदाच्या टॉवरांमागच्या मैदानात. दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये मूळ गावासारखं हुबेहूब प्लायवूडचं बनलं, ट्रकमधून आलं आणि हिवाळी जत्रेसाठी उभं राहिलं. आज संध्याकाळी ते लोकांना खुलं होणार होतं.

बेव्हर्ली, तिची मैत्रीण कावेरी आणि कावेरीचा धाकटा भाऊ विघ्नेश हे तिथले छोटे गाइड. बेव्हर्लीचे डॅडी ग्रेगरी हॉटेलात शेफ. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचा क्रेपचा स्टॉल होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या किचनमध्ये राबल्यावर त्यांच्या स्वतःच्या नावाची ही पहिली पाटी.

"क्रेप म्हणजे आमचं घावनच," कावेरी म्हणाली. "चटणीऐवजी चॉकलेट."

"डॅडींनी ऐकलं तर तुला एकही मिळणार नाही," बेव्हर्ली म्हणाली आणि तालीम सुरू केली. "पाहुण्यांनो, एका घराला आग लागली तर ती दुसऱ्या घराला लागू नये, म्हणून मध्ये ही जागा मोकळी. आत हात घाला. वारा लागतो ना?"

विघ्नेश हात घालायला गेला. टक्.

"आई गं. इथे फळी आहे."

डॅडींच्या स्टॉललगतची ही बोळकांडी काल खरी होती. आज तिथे फळी ठोकली होती आणि तिच्यावर काळोख रंगवला होता. दोन पावलं मागे गेलं की अगदी खरी फट वाटायची.

"आत चोरीचा माल आहे," विघ्नेश कुजबुजला.

"तुला लिफ्टमध्येपण चोर दिसतात," कावेरी म्हणाली. पण तिचा आवाजही खाली आला होता.

छपराखाली सुतार रामचंद्र काका चहा पीत बसले होते. त्यांच्या नखांत काळा रंग होता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, कोपऱ्यावरची बोळकांडी कुठे गेली?" कावेरीने विचारलं.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "सुदेश साहेबांनी सांगितलं, काळा रंग दे. मी दिला. मागे काय आहे ते मला बघू दिलं नाही."

सुदेश जत्रेचा मॅनेजर. तेवढ्यात तो स्वतःच ट्रॉली ढकलत घरांच्या मागे जाताना दिसला. हाताखाली इतकी माणसं असताना? ट्रॉलीवर ताडपत्री होती. परत आला तेव्हा ट्रॉली रिकामी.

"काय बघताय? यल्ला, पुढे व्हा. मागे स्टाफ ओन्ली."

"सर, स्टेजवरचा माइक चालत नाही," विघ्नेश निरागसपणे म्हणाला. प्लग त्याच्याच खिशात होता.

सुदेश स्टेजकडे पळाला आणि बेव्हर्ली घरांच्या मागे. बोळकांडीच्या मागच्या तोंडावर आता ती ताडपत्री टाकलेली होती. तिने ती उचलली. बोळकांडीत गॅसचे सिलिंडर रांगेने उभे होते आणि वर खोके कोंबलेले. पातळ प्लायच्या पलीकडे डॅडी शीळ घालत शेगडी पेटवून बघत होते.

"डॅडी, शेगडी बंद करा," ती धावत येऊन म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. डॅडींनी शेगडी बंद केली. ते तडक सुदेशकडे गेले.

"गोडाऊन लांब आहे रे," सुदेश हसत म्हणाला. "तपासणीला येणारा ऑफिसर समोरून बघेल आणि जाईल. खलास. तू तोंड उघडलंस तर पहिला तुझा स्टॉल जाईल, ग्रेगरी."

डॅडींनी आपल्या पाटीकडे पाहिलं. ते परत आले आणि स्वच्छ तवा पुन्हा पुसू लागले.

थोड्या वेळाने सुरक्षा अधिकारी झैद आले. सुदेश त्यांना चौकाच्या मधोमधून भराभर चालवत होता. बेव्हर्ली त्यांच्या मागोमाग चालू लागली. बोललं तर पाटी जाणार. गप्प बसलं तर डॅडी संध्याकाळभर त्या प्लायला पाठ लावून पेटत्या शेगडीसमोर उभे राहणार.

ती पुढे झाली. "सर, मी इथली गाइड. मोंब्रियाक दाखवू?"

"आता टाइम नाही," सुदेश म्हणाला.

"पाच मिनिटं आहेत माझ्याकडे," झैद हिंदीत म्हणाले. "दाखव."

तिने रंगवलेली नदी दाखवली, टेकडी दाखवली, भिंती नसलेला बाजार दाखवला. बोलता बोलता ती कोपऱ्यावर आली. सुदेश फळीसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, जरा बाजूला," कावेरी गोड आवाजात म्हणाली. "टूर अडतेय."

"आता आत हात घाला," बेव्हर्ली म्हणाली. "वारा लागतो."

झैदनी हसत हात पुढे केला. टक्. त्यांचं हसू गेलं.

रामचंद्र काकांना कुणी सांगावं लागलं नाही. ते आपणहून पकड घेऊन आले. फळी निघाली, सिलिंडर मैदानाबाहेर गेले आणि सुदेशही झैदच्या मागोमाग ऑफिसकडे गेला. जाण्यापूर्वी झैद बेव्हर्लीला म्हणाले, "मी नकाशा बघितला होता. गाव तू बघितलंस." पण पुन्हा तपासणी होईपर्यंत कोपऱ्यावरचा स्टॉल बंद राहणार होता.

डॅडींनी पाटी उतरवून काखेत धरली. "शाब्बास, बेटा," ते म्हणाले. "हे मी बोलायला हवं होतं."

गेट उघडलं. लोक आत येऊ लागले. बेव्हर्लीने डॅडींचा पिठाने माखलेला हात धरला आणि तो हळूच बोळकांडीत घातला.