चौकात चालू राहिलेलं इंजिन

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर तुमचा विश्वास नसेल तर उत्तमच. माझ्या सुनंदामावशीचाही नव्हता. ती विज्ञानाची पदवीधर, आरती लांबली की घड्याळ बघणारी बाई. तिच्या तोंडून ऐकली म्हणूनच मला ती झटकून टाकता येत नाही.

तारीख तिला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. २१ नोव्हेंबर १९९०, बुधवार. संध्याकाळचे पावणेसहा.

जागा, चंडीगडमधला सेक्टर ३४ चा गोल चौक.

मावशी आणि रघुवीरकाका मूळचे कराडचे. काका केंद्र सरकारच्या खात्यात होते, बदली होऊन चंडीगडला आले होते. डेराबस्सीच्या औषध कारखान्यांत तपासणीला जायचं, हे त्यांचं काम. घरात सहा वर्षांची नयना, आणि दारात एक जुनी पांढरी गाडी.

गाडीला एक खोड होती. पळताना झकास पळायची, पण थांबली की धापा टाकायची आणि बंद पडायची. मग अर्धा तास चालू व्हायचं नाव नाही. म्हणून काका चौकाचौकात पायाने रेस देत राहायचे. दोनदा थोडी, एकदा लांब.

घुर्र... घुर्र... घुर्रर्रर्र.

वर डॅशबोर्डवर थोपटायचे. "थोडंच राहिलंय बाई. बंद नको पडू."

"माझ्याशी कधी एवढं गोड बोललात?" मावशी चिडवायची.

दिवस वाईट होते, पंजाबात दहशतवाद पेटलेला. अंधार पडायच्या आत माणसं घर गाठायची. रस्तोरस्ती पोलिसांचे, जवानांचे तपासणी नाके. नाका आला की हेडलाइट बंद, आतला दिवा चालू आणि गाडी पूर्ण उभी. तेव्हा तिकडे राहिलेल्या कुणालाही विचारा, हे नियम मुलांनाही पाठ होते.

त्या बुधवारी गाडी करनैलसिंगकडे टाकायची, हे ठरलेलं होतं. करनैलसिंग हा काकांचा नेहमीचा मेकॅनिक. गाडी त्याच्याकडे देऊन काका बसने जाणार होते.

मावशीने त्यांना जाऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती. बस थांबवली, माणसं खाली उतरवली... पुढचं तिने वाचलंच नव्हतं.

"बसने जायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"अगं, पण गाडी वाटेत बंद पडली तर?"

"पडू दे. बंद पडलेल्या गाडीला कुणी मारत नाही."

चहा अर्धा टाकून त्यांनी किल्ली उचलली. रोज फाटकाबाहेर पडताना ते एकदा हॉर्न वाजवायचे, नयनासाठी. त्या दिवशी तो वाजला नाही. मावशी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबली होती. तिने गाडी जातानाही पाहिली नाही.

संध्याकाळी सात वाजता दारात दोन पोलीस उभे होते.

झालं ते इतकंच कळलं. परतताना, शहराच्या बऱ्याच अलीकडे, एका नाक्यावर काकांना थांबायची खूण झाली. गाडी हळू झाली, पण पूर्ण थांबली नाही. थांबली असती तर बंद पडली असती, अंधारात, भर रस्त्यात. पुढे सरकत राहिली... आणि गोळी आली. नाक्यावाले म्हणाले, आमची नव्हे, शेतातून आली. कुणाची होती, ते कधीच कळलं नाही.

गोळी लागल्यावर काका थांबले नाहीत. तसेच कितीतरी किलोमीटर चालवत आले. सेक्टर ३२ चं सरकारी हॉस्पिटल रस्त्यावरच होतं. तिथे दिवे होते, डॉक्टर होते. तिकडे ते वळले नाहीत. पुढे आले आणि सेक्टर ३४ च्या चौकात, कडेला गाडी उभी राहिली. घर तिथून पाच मिनिटांवर होतं.

लोक जमले तेव्हा काका गेलेले होते. स्टिअरिंगवर डोकं. पाय बाजूला पडलेले.

आणि इंजिन चालू होतं.

जी गाडी दहा सेकंदसुद्धा उभी राहून चालू राहत नव्हती, ती वीस मिनिटं तिथे चालू होती. शेवटी एका हवालदाराने किल्ली फिरवून बंद केली. त्याने हे मावशीला सहज सांगितलं. त्यात विचित्र काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मावशीला दुसऱ्याच प्रश्नाने पोखरलं. हॉस्पिटल सोडून ते पुढे का आले? माझ्या शपथेमुळे ही गाडी घेऊन गेले. रागावून गेले. मरताना माझ्याबद्दल त्यांच्या मनात काय होतं? जवळ कुणी असतं तर विचारता तरी आलं असतं. जवळ कुणीच नव्हतं.

कराडहून माणसं आली, परत चला म्हणाली. ती गेली नाही. काकांच्या जागी तिला कार्यालयात नोकरी मिळाली होती. तीन महिन्यांनी पोलिसांनी गाडी सोडली. सगळे म्हणाले, विकून टाक. तिने उलट ती करनैलसिंगकडे दिली, नीट करून घेतली आणि स्वतः चालवायला शिकली.

करनैलसिंगने कार्बोरेटर नवा घातला. थांबून बंद पडायची खोड गेली. पंधरा दिवस गाडी अगदी शहाण्यासारखी चालली.

मग मार्चमधल्या एका सकाळी मावशी नयनाला शाळेत सोडायला निघाली होती. चौकात गाडी थांबली. तिचा पाय ब्रेकवर होता.

घुर्र...

तिने खाली पाहिलं. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता.

घुर्र...

मग एकदा लांब. घुर्रर्रर्र.

मागच्या सीटवरून नयना म्हणाली, "मम्मी, पापा रेस दे रहे हैं."

"गप बस," एवढंच मावशी म्हणाली. पोरीला ओरडल्याचं मग दिवसभर तिला वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. गाडी थांबली की आवाज. करनैलसिंगने केबल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर पुन्हा खोलला. त्याच्याकडे गाडी तासन् तास उभी चालू असायची, पण हूं की चूं नाही. मावशी बसली, की...

घुर्र... घुर्र...

घरात असता तर हा आवाज एकवेळ चालला असता. नाक्यावर कसा चालणार? एका संध्याकाळी जवानाने हात दाखवला, तिने गाडी उभी केली, आतला दिवा लावला, आणि इंजिन गरजलं. गाडी आता सुटणारच असं वाटावं तसं. जवानाने बंदूक वर केली.

"रेस क्यों दे रही हो? बंद करो! बंद करो!"

तिने किल्ली ओढून काढली. मागे नयना रडत होती. आपल्या पाठीमागे हिचं काय झालं असतं, या विचाराने मावशी तिथेच घळाघळा रडली. तो जवानही कोवळाच होता. त्याने बंदूक खाली घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, ती एकटीच करनैलसिंगकडे गेली.

"भाईसाब, आज आवाज जायलाच हवा," ती हिंदीत म्हणाली. "नाहीतर ही गाडी मोडीत घाला."

करनैलसिंगने तिला आत बसवलं, इंजिन चालू करायला लावलं आणि बॉनेट उघडलं. आवाज सुरू झाला. त्याने लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली. जुने मेकॅनिक असंच ऐकतात, आतली कुरकुर सरळ कानात येते.

तो ऐकत राहिला...

मग त्याचा चेहरा उतरला. त्याने मूठ काढली, पगडी सारखी केली, पुन्हा लावली.

"बीबीजी..." त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "आपकी बोली में ये क्या होता है... थोडंच... राहिलंय बाई?"

मावशी गाडीतून उतरली. उतरली तरी आवाज थांबला नाही. घुर्र... घुर्र... घुर्रर्रर्र. पहिल्यांदाच गाडीत कुणी नसताना.

तुम्ही म्हणाल, करनैलसिंगने ते वाक्य कधी काकांच्या तोंडून ऐकलं असेल. मीही तेच म्हटलं होतं. पण त्याने मूठ मावशीच्या हातात दिली. तिने ती कानाला लावली.

आधी नुसती घरघर. मग रस्त्यावरचे आवाज गेले. शेजारच्या दुकानातली ठोकाठोक गेली. सगळंच गेलं...

आणि ते बोलत होते. दम लागलेला. शब्द तुटत होते.

"थोडंच राहिलंय बाई... बंद नको पडू... उशीर झाला की सुनंदा घाबरते... आधी घरी... तिला दिसलो की मग हॉस्पिटल..."

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

राग नव्हता. एका शब्दातसुद्धा नव्हता. सबंध रस्ताभर त्या माणसाला एवढीच काळजी होती, की बायको घाबरेल.

मावशीने इंजिनवर हात ठेवला. ते तापलेलं होतं, तिला ते कळलंही नाही. पोरीच्या केसांवरून फिरवावा तसा तिने हात फिरवला.

"मी नाही घाबरले हो," ती म्हणाली. "नयना पण ठीक आहे. पोचलात तुम्ही. किती दमलात... पुरे आता."

घुर्र...

आणि इंजिन बंद पडलं.

किल्ली चालूच होती. करनैलसिंगने सबंध इंजिन खोलून पुन्हा बसवलं. एकाही भागात दोष सापडला नाही. पण ती गाडी नंतर कधीच चालू झाली नाही. मावशीच्या तळहातावर भाजल्याचा डाग मात्र आजही आहे.

मावशी ही गोष्ट इथवर सांगते आणि थांबते. शांत झाले ना काका, असं म्हणून आपण तिची समजूत घालावी, तर तिचे डोळे भरतात.

"मी खोटं बोलले रे त्यांच्याशी," ती म्हणते. "घाबरले नाही कशी? घाबरून अर्धी झाले होते. खरं सांगितलं असतं तर आणखी थोडे थांबले असते."

आता ती पुण्यात नयनाकडे असते. सत्तर झाली. नयनाची गाडी नवी आहे, सिग्नलला थांबली की आपोआप इंजिन बंद करणारी. गेल्या नोव्हेंबरात दोघी दवाखान्यातून परतत होत्या. तपासणीचा कागद मावशीच्या मांडीवर होता. त्यात काय लिहिलंय, ते दोघींनाही कळलं होतं.

कर्वे रस्त्यावर सिग्नल लागला. गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

गाडीत पूर्ण शांतता...

घुर्र.

नयनाचा पाय ब्रेकवर होता.

घुर्र... घुर्रर्रर्र.

नयनाने आईकडे पाहिलं. मावशी अजिबात दचकली नव्हती. तिने तो डाग असलेला हात पुढे केला आणि डॅशबोर्डवर हळूच थोपटलं.

"तेव्हा खोटं बोलले हो मी. घाबरते. अजून घाबरते."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. नयनाला गाडी पुढे नेता येईना.

"थोडंच राहिलंय," मावशी म्हणाली. "तोवर बंद नका पडू."

त्या दिवसापासून नयनाची गाडी सिग्नलला बंद होत नाही. दोष किरकोळ आहे, दाखवून घे, असं मी तिला म्हटलं होतं. मावशी आहे तोवर ती गाडीला कुणाला हात लावू देणार नाही.