मुठीचं माप

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये माणसं पिस्तूल घ्यायच्या आधी जेवढा विचार करतात, त्याहून जास्त विचार बार्बेक्यूची शेगडी घेताना करतात. श्रीरंग मेश्राम मात्र महिनाभर विचार करत होता. तो पाइपलाइनचा इंजिनियर. साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी त्याला सगळे कॅटलॉग लागत. आणि हे पिस्तूल तर बायकोसाठी घ्यायचं होतं.

बायकोसाठीच का, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

त्याचं असं झालं. एका शनिवारी दुपारी मागच्या दाराचं हँडल कुणीतरी बाहेरून फिरवलं. हळूच. एकदा इकडे, एकदा तिकडे. सुमेधा ओट्याशी कांदा चिरत होती, श्रीरंग हॉलमध्ये पेपर वाचत होता. पुढचं त्याला आठवतं ते अंधारातलं: नाकाला टोचणारी लोकर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. ह्यूस्टनच्या उकाड्यात कधीही अंगावर न चढलेल्या थंडीच्या कोटांमध्ये तो कपाटात उभा होता. पाय त्याला न विचारताच तिकडे गेले होते. बाहेर दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार लागल्याचा. मग कपाटाचं दार उघडलं.

"कोणी नाही," सुमेधा म्हणाली. हातात सुरी तशीच होती. "चहा टाकू?"

बस, एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला नाही. काढला असता, चार शब्द सुनावले असते, तर श्रीरंगला रडून मोकळं होता आलं असतं. ती आपली चहात साखर घालून कप पुढे करत राहिली.

"यार, सिंपल आहे," रविवारच्या वंदनेनंतर विवेक म्हणाला. विवेक म्हणजे नागपूरपासूनचा मित्र आणि सगळ्या विषयांतला तज्ज्ञ. "वहिनीला एक छोटंसं घेऊन दे. तू सारखा ट्रॅव्हल करतोस, ती घरी एकटी असते."

ती एकटी असते तेव्हाच घराला खरा आधार असतो, हे श्रीरंग बोलला नाही. नुकतंच पंचशील म्हणताना प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाला त्यानं नुसते ओठ हलवले होते. समोर बुद्धमूर्ती, शेजारी सुमेधाचा खणखणीत आवाज. त्याला वाटलं, दोघांनाही कळलंय.

दुकान डोनटवाला आणि ड्रायक्लीनर यांच्या मधोमध होतं. मालक हॉलिस नावाचा, आजोबा शोभेल असा माणूस. चष्मा दोरीला बांधलेला. त्यानं काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरून त्यावर एकेक पिस्तूल मांडलं, सोनार हार मांडतो तसं.

"मिसेस कुठे आहेत?" त्यानं विचारलं. "हात बघितल्याशिवाय मी बाईंना काही विकत नाही. मूठ हाताला बसली पाहिजे."

श्रीरंगनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उलगडली. आत हिरवी काचेची बांगडी होती. सुमेधाच्या आरशापुढच्या ट्रेमधून त्यानं ती सकाळी उचलली होती. बायकोला न सांगता काही आणायचं तर मापाला बांगडी न्यायची, हे त्यानं वडिलांना सीताबर्डीच्या बाजारात करताना पाहिलं होतं. वडील पाटल्या आणत, हा फरक.

हॉलिस हसला नाही. त्यानं बांगडी उजेडात धरली, आपली बोटं तिच्यातून घालून पाहिली. "लहानखुऱ्या दिसतात," म्हणाला, आणि एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. श्रीरंगनं मान डोलावली. कायद्याप्रमाणे चौकशी होईपर्यंत काही दिवस थांबायचं होतं. तो थांबला.

न्यायला गेला तेव्हा हॉलिसनं डबी उघडून दाखवली. रिव्हॉल्व्हरची मूठ बदललेली होती. बारीक, लाकडी, एखाद्या खेळण्याला शोभेल अशी.

"मिसेस येऊन गेल्या," हॉलिस म्हणाला. "मूठ मोठी होते, त्यांनी दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. हात मात्र फार गार हो त्यांचे. मी एसी बंद केला, तरी गारच."

श्रीरंगचे कान तापले. म्हणजे सुमेधाला कळलं होतं तर. तिनं बांगडी गेलेली पाहिली, दुकान शोधलं, मूठ बदलून घेतली, आणि नेहमीसारखी गप्प बसली. घरी पोचेपर्यंत तो काय बोलायचं ते मनात घोकत होता.

सुमेधा हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच आली होती. त्यानं डबी टेबलावर ठेवली.

"अरे, हे काय आणलंस?"

"तुला माहितीये की."

"मला काय माहितीये?"

"तू दुकानात गेलीस ना? मूठ बदलून घेतलीस."

"श्रीरंग, तुला ताप आहे का?" तिनं ते उचललं. तिचे लांब, हाडापेराचे हात. मूठ त्या तळव्यात हरवूनच गेली. करंगळीच काय, शेजारचं बोटही खाली लोंबत राहिलं. "हे कुणाच्या मापानं आणलंस?"

त्यानं बांगडी दाखवली. ती सुमेधाच्या बोटांच्या पेरांवरच अडकली.

"ही माझी नाही. लॅबमध्ये मी काही घालत नाही, घरीही घालत नाही. इतकी वर्षं झाली, बघितलं नाहीस कधी?"

"तुझ्या ट्रेमध्ये होती."

"मग कुणाची आणून ठेवलीस, ते तूच सांग!" ती हसली. श्रीरंग हसला नाही, तसं तिचंही हसू हळूहळू थांबलं. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. "परत करून ये. आत्ताच्या आत्ता."

भीती त्याला गाडीत बसल्यावर वाटली. त्याआधी वाटली ती लाज. रोज चहाचा कप पुढे करणारा हात केवढा आहे, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

"विकलेलं परत घेता येत नाही, सर," हॉलिस म्हणाला. "आणि मिसेसना तर पसंत होतं. विचारा ना त्यांनाच. बाहेर गाडीत बसल्यात."

श्रीरंगनं काचेतून पाहिलं.

तो एकटाच आला होता. त्याच्या गाडीत, शेजारच्या सीटवर, डॅशबोर्डच्या जेमतेम वर एक डोकं दिसत होतं. मधोमध भांग. चेहऱ्यावर काचेची चकाकी.

त्यानं दुकानातला फोन मागून घरी लावला.

"झालं का परत?" सुमेधानं विचारलं.

"तू घरी आहेस?"

"मग कुठे असणार? काय झालं?"

"काही नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"आत बोलवा त्यांना," हॉलिस म्हणाला. "उकडतंय बाहेर."

श्रीरंग शिकारीच्या जॅकेटांच्या रांगेमागे जाऊन उभा राहिला. किमती बघतोय असं दाखवत. हॉलिसनं दिवे मालवले, गल्ला बंद केला आणि अदबीनं दार उघडून धरलं, तेव्हा त्याला निघावंच लागलं.

गाडी रिकामी होती.

शेजारची सीट पार पुढे ओढलेली होती. पट्टा लावलेला होता.

त्यानं पट्ट्याला हात लावला नाही. तसाच घरी आला.

ऊन अजून होतं. शेजाऱ्यांच्या हिरवळीवर कारंजी फिरत होती. रिव्हॉल्व्हरची पिशवी हातात धरून तो पायऱ्या चढला. बेल वाजवायच्या आधीच सुमेधानं दार उघडलं.

ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"या ना," पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात ती म्हणाली. "आत या. उन्हात का थांबलात?"

श्रीरंग उंबरठ्यावर होता, दोघींच्या मधे. त्यानं दुसरं काही करायची गरज नव्हती. नुसतं तिथे उभं राहायचं होतं.

तो बाजूला झाला.

त्याच्या कोपराखालून काहीतरी गार आत गेलं, आणि हातातली पिशवी हलकी झाली.