चार मात्रा आधी

लिन्छ्वानच्या नाट्यगृहात, विंगेतल्या अंधारात माझ्या पोशाखाची लांबलचक बाही कशात तरी अडकली. मी ओढली... आणि मागे एक चेलो कण्हला.

"अहो, हळू! तार तुटेल ना!"

हा पेई झान. नान्छांग शहरातल्या वाद्यवृंदातला. आमच्या गावच्या जुन्या नाटककाराच्या सन्मानार्थ त्या दुपारी नव्या ऑपेराची मैफल होती. त्याच्याच नाटकांतली पदं, पण चाली नव्या. मी रुओमेई, लहानपणापासून जुन्या चिनी ऑपेरात ढोल-झांजांवर गाणारी. वाद्यवृंदाच्या संचालकांच्या हातातली ती ताल दाखवणारी काठी मला काही केल्या उमगेना! तालमीत माझी सुरुवात सारखी चुकत होती. आज चुकले, तर वाद्यवृंदाच्या दौऱ्यावर माझ्याऐवजी दुसरीच मुलगी जाणार होती.

"काठीकडे बघूच नका," बाही सोडवत तो म्हणाला. "माझ्याकडे बघा. तुमची वेळ झाली, की मी मान वर करीन."

"आणि विसरलात तर?"

"तुम्हाला? ...कसं विसरायचं ते शिकवा आधी."

मी लाजले की चिडले, माझं मलाच कळेना.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत माझ्या गुरुबाई. मी त्याच्याकडे नजर लावून उभी... त्याने मान वर केली. मी सूर लावला—

संचालकांची काठी हवेतच थबकली. चार मात्रा आधी! बासऱ्या गप्प. मी गोंधळले, थांबू? गाऊ? तेवढ्यात त्याचा चेलो धावत आला, माझ्या आवाजाखाली शिरला, आणि त्याच्यामागून एकेक वाद्य आलं.

टाळ्या थांबल्यावर संचालक कपाळ पुसत म्हणाले, "वाचलीस, पोरी! ये दौऱ्याला. पण ताल शिकून ये."

पेई झान बाहेर, कापराच्या झाडाखाली उभ्या बसमध्ये चेलो चढवत होता. मी तरातरा गेले.

"मान लवकर का वर केलीत? माझं काय झालं असतं!"

"तो इशारा नव्हता."

"मग?"

"बघत होतो... तुमच्याकडे. राहवलं नाही."

इतका वेळ जपून आणलेला राग कुठे गेला, कोण जाणे. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"दौऱ्यात मान खालीच ठेवीन," तो पुटपुटला. "शप्पथ."

"नको—" मी म्हणाले. "काठीकडे बघायचं मी शिकेन. तू... बघत राहा."