चिमूटभर लाल

सिद्धेश्वरीचं काम कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं. निकेलची लाल पूड तयार करायची, काचेच्या बारीक नळीत भरून तोंड मेणानं बंद करायचं, नळी दोऱ्यानं तराजूला टांगायची आणि खालचा विजेचा चुंबक चालू करायचा. पूड ओढली गेली तर वजन वाढतं, दूर ढकलली गेली तर केसभर घटतं. तिची पूड घटायला हवी होती. तरच निकेलचा अणू भोवतीच्या चार अणूंच्या मधोमध सपाट बसलाय हे सिद्ध होणार, आणि पीएच.डी.ची पाच वर्षं सार्थकी लागणार.

पण मेलं वजन रोज वाढत होतं!

तीनदा तिनं पूड नव्याने केली. तिचे मार्गदर्शक महेश्वर सर एरवी देवमाणूस, पण शुक्रवारी त्यांनीही हात टेकले. "सोमवारपर्यंत आकडा आला नाही तर हे प्रकरण काढावं लागेल, सिद्धेश्वरी." ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत काय होतं, डोंबल?

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत ती आणि म्हातारा शिपाई मडिवाळप्पा, दोघंच. बाहेर सोलापूरचं ऊन मी म्हणत होतं. वाऱ्यानं तराजू हलतो म्हणून पंखा बंद. घड्याळ, कानातलं, केसांच्या पिना, सगळं धातूचं बाहेरच्या टेबलावर काढून ठेवायचा रिवाज तिनं पाळला होता.

"ताई, गळ्यातली डबी बी काढून बघा की," मडिवाळप्पा म्हणाला.

"इष्टलिंग कुणी काढतं का? आणि लिंगायत असून हे तुम्ही सांगताय? चांदीची डबी आहे ती, चुंबक चांदीला ओढत नाही."

"व्हय, न्हाई काढत." तो ओशाळला. "पर नळी तुमच्याकडंच कलतीया. चुंबक तर बंद हाय."

तिनं पाहिलं. नळी खरंच तिच्याकडे झुकली होती. ती डावीकडे सरकली. नळीही सरकली.

 डबीतलं लिंग तिचं नव्हतं. ते अप्पांचं होतं.

अप्पा, म्हणजे तिचे वडील रुद्रप्पा, चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर. उजवा अंगठा यंत्रात अर्धा गेलेला. तरी प्रत्येक रंग त्याच अंगठ्यानं चिमटीत चोळून पाहायचे. तिची पहिली लाल पूडही चोळली आणि म्हणाले, "कच्ची हाय, पोरी." चैत्रात ते गेले. लिंगायतांत माणसाला मातीत बसवून पुरताना, त्यानं जन्मभर गळ्यात घातलेलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. विधी करणाऱ्या स्वामींनी ते मागितलं, तेव्हा तिनं ओढणीआड अदलाबदल केली. आपलं दिलं, अप्पांचं ठेवून घेतलं. आईलाही कळू दिलं नाही. अप्पांचं काहीतरी जवळ हवंच होतं तिला, त्याशिवाय तिचा जीवच थाऱ्यावर राहिला नसता.

आता डबी बाहेर ठेवली असती तर कदाचित आकडा आला असता. हात गळ्याशी गेला आणि तिथंच थांबला.

"खड्ड्यात गेला तो आकडा," ती म्हणाली. मडिवाळप्पा पाणी आणायला निघून गेला.

ती स्टुलावर बसून राहिली. उकाड्यानं डोळे जड झाले. कुठूनतरी कढत्या रंगाचा वास आला, अप्पांच्या सदऱ्याला यायचा तसा. तिला भीती वाटली नाही. उलट फार बरं वाटलं.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "आता तरी पक्की झाली का?"

नळी मागे फिरली.

सरळ झाली.

तिनं चुंबक चालू केला. वजन घटलं. केसभर. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा तेच.

मडिवाळप्पा तांब्या घेऊन आला तेव्हा ती हसत होती, रडतही होती. नळीतली पूड चिमूटभर कमी दिसत होती. खाली बसली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तोंडावरचं मेण जसंच्या तसं होतं.

रविवारी सकाळी ती पूजेला बसली. शेजारी तिची आई ईरम्मा विभूती लावत होती. सिद्धेश्वरीनं डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं.

कडेला टवका उडालेला होता. लहानपणी तिच्याच हातून पडून उडालेला. हे तिचं लिंग होतं.

म्हणजे अप्पा स्वतःचं घेऊन गेले, मातीत गेलेलं तिचं परत देऊन. तिला हुंदका फुटला.

"काय गं? आन् ही माती कुटनं आली डबीत?" ईरम्मानं विचारलं.

माती काळी होती, ओलसर. आणि लिंगावर लाल पुडीचा ठसा होता, अर्ध्या अंगठ्याचा.