एकाच रंगाच्या दोन कॅप्सूल

डॉक्टर पियुष ढोमणे यांच्या डोक्यावर बत्त्याचे सात घाव होते. कवटी कानामागून फुटली होती आणि भिंतीवर खिडकीपर्यंत रक्त उडालं होतं. सकाळी झाडायला आलेल्या जमनीनं दार उघडलं आणि ती ओरडत रस्त्यावर धावली.

बोरी अरब गावातल्या त्या दवाखान्यात फौजदार रंजिता आडे साडेआठला पोचल्या. घाव घातलेला लोखंडी बत्ता प्रेताशेजारीच पडला होता. गिळता न येणाऱ्या रोग्यांच्या गोळ्या डॉक्टर त्यानंच कुटत. टेबलावरच्या कागदावर दोन हिरव्या कॅप्सूल फोडलेल्या होत्या. एकीतली पूड विटकरी लाल होती, दुसरीतली पांढरी.

ड्रॉवरमध्ये वही सापडली. हातपाय हळूहळू लुळे करणाऱ्या, इलाज नसलेल्या आजारावर डॉक्टर क्षयाचं जुनं औषध देऊन पाहत होते. सहा महिन्यांपासून या प्रयोगातले रोगी दोनच होते. तांड्यावरचे गुलाबसिंग आणि गावातल्या विमलताई.

"मॅडम, गुलाबसिंगच्या लखननं परवाच डॉक्टरला मारलं होतं," हवालदार म्हणाला.

लखन तांड्यावर घरीच होता. त्यानं काही लपवलं नाही.

"दोन झापडा मारल्या. माहा बाप चालत दवाखान्यात गेलता. आता खाटेवर पडला. लघवी रक्तावानी लाल. तोंडावर इचारलं, काय जहर देऊन राह्यला? बंद कर म्हटलं."

"समोर कोण होतं?"

"बाकावर विमलताईचे मालक, सदाशिवराव. दुसरं कोनी नोयतं."

गावातल्या घरी सदाशिवराव बायकोच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते. त्यांच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"कपाशीची पऱ्हाटी उपटताना लागलं," ते म्हणाले. "काल सांजेपर्यंत वावरातच होतो."

रंजितांनी विमलताईंकडे वळून विचारलं, "ताई, या औषधानं लघवीचा रंग बदलला का?"

"नायी बाई." शब्द जड पडत होते. "पान्यावानीच."

"काका, कॅप्सूलची बाटली द्या. तपासायला पाठवते."

"पिठात काय तपासता?"

बोलून गेल्यावर सदाशिवराव पुन्हा बायकोची हनुवटी पुसू लागले.

"यात पीठ आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" रंजितांनी विचारलं. "वहीत तसं लिहिलंय, पण ती वही माझ्याशिवाय कोणी पाहिली नाही. लखनला औषध बंद करायचं होतं, त्याला दोन कॅप्सूल जुळवून बघायची गरज नव्हती. ती गरज ज्याच्या माणसाला औषधच मिळत नव्हतं, त्याला. क्षयाच्या त्या लाल औषधानं लघवी लाल होते. लखनचं बोलणं तुम्ही बाकावर बसून ऐकलंत. ताईंची तर कधीच लाल झाली नव्हती. म्हणून काल सांजेला त्यांची कॅप्सूल घेऊन गेलात आणि डॉक्टरांना गुलाबसिंगची फोडायला लावलीत. चिंधी सोडा काका. पऱ्हाटीनं ओरखडे येतात. लोखंडी बत्ता घामेजल्या मुठीत घसरत सात घाव घातले की कातडी सोलून फोड येतात."

सदाशिवरावांनी चिंधी सोडली. तळव्यावर फुटलेले फोड होते.

"मी इचारलं, हिलेच काहून पीठ? तो म्हने, काका, पारखाले एक जन बिनऔषधाचा ठेवाच लागते. हसून म्हने. पहिल्या घावातच पडला होता तो. पन मले थांबता नायी आलं. सहा महिने मी हे पीठ देवाचं नाव घेऊन हिच्या तोंडात टाकलं, मॅडम."

रंजितांनी पिशवीतून वही काढली. ती उघडून त्यांनी शेवटचं पान वाचून दाखवलं.

"'गुलाबसिंग झपाट्यानं खचतोय. औषधाचा अपायच होत असावा. विमलताई त्याच्यापेक्षा बऱ्या आहेत. उद्यापासून बंद करतो, दोन्ही घरी जाऊन खरं सांगतो.' पानावरची तारीख कालची आहे."

सदाशिवरावांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाळपासून उपाशी हाय ही. चार घास भरवू द्या. मंग चला."

रंजितांनी होकारार्थी मान हलवली.

सदाशिवरावांनी वरणात भाकर कुस्करली, बारीक केली आणि घास विमलताईंच्या ओठांशी नेला. विमलताईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांची नजर नवऱ्याच्या हातावरच्या फोडांवर गेली.

त्यांनी तोंड उघडलं नाही.