बर्फातला एक ठिपका

शेजारचा चष्मेवाला बंद होता, म्हणून तो माझ्या दुकानात डोकावला. एका हातात तडकलेलं भिंग, काखेत कागदात गुंडाळलेला फोटो.

"कधी उघडतील हो ते?"

"त्यांच्या मनात आलं की!"

तो हसला. मी फोटोकडे बोट केलं. "आणि हे काय?"

फार जुन्या लढाईचा फोटो. माणूस एकही नाही. तुटकी काटेरी तार, जळालेली चार झाडं आणि क्षितिजापर्यंत बर्फ... त्यावर बुरशीचे काळे ठिपके, देवी आलेल्या अंगासारखे.

"बाबा रोज भिंगातून बघतात," तो म्हणाला.

काय बघतात, हे मी विचारलंच नाही. म्हटलं, "आजार गंभीर आहे. पण मी जुन्या फोटोंची डॉक्टर. ठेवून जा."

"मी शाळेत भूगोल शिकवतो, डॉक्टरीणबाई. बर्फ तेवढा वितळवू नका."

मग शाळा सुटली की तो यायला लागला. चौकशी फोटोची, नजर मात्र... जाऊ दे. मीही पाच वाजत आले की केस सारखे करायची.

"झालं?"

"रोज विचारलंत तर मुद्दाम उशीर करीन."

"मग रोजच विचारतो."

"आधी नक्कल, मग अक्कल," माझे वडील शिकवून गेले होते. जुन्या फोटोला हात लावण्याआधी त्याची प्रत काढायची. चौथ्या दिवशी मी प्रत न काढताच ब्लेड उचललं. पाचच्या आत बर्फ स्वच्छ करून मास्तरांचा चेहरा बघायचा होता ना! एकेक ठिपका अलगद खरवडत, गुणगुणत बसले —

पांढऱ्या गं शेतात, तीळ कुणाचा सांडला
वेचता वेचता बाई, दिस कसा कलंडला

तो आला. फोटो उजेडाकडे धरला. बघता बघता त्याचं हसू विझलं.

"इथे... इथे आजोबा होते."

"कुठे?"

"तारेजवळ. एवढासा ठिपका. पहाऱ्यावर उभे. सोबत्याच्या पत्रात तसं लिहिलंय. त्याच दिवशी गेले. बाबा तेव्हा पोटात होते. त्यांनी वडील पाहिले ते एवढेच."

टेबलावरची काळी भुकटी मी तासाभरापूर्वी फुंकून टाकली होती.

बारीक ब्रशने ठिपका परत उमटवता आला असता. "बुरशीखाली दबलाय, उद्या या," एवढं म्हटलं की झालं. तो आला असता. रोज आला असता...

"मी खरवडला," मी म्हटलं. "प्रतही नाही काढली. तुम्ही यायच्या आत व्हावं म्हणून... घाई केली."

त्याने फोटो गुंडाळला. "बाबांना काय सांगू?" एवढंच बोलला आणि गेला.

पाच वाजायचे, वाजून जायचे. चोविसाव्या दिवशी तो दारात उभा. दाढी वाढलेली.

"बाबा गेले. सोमवारी."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"खरं ते सांगितलं त्यांना. तरी भिंग घेऊन कितीतरी वेळ शोधत होते. मग म्हणाले, 'निघाले असतील. किती वर्षं उभे होते थंडीत.' त्यानंतर फोटो मागितलाच नाही."

"मास्तर, मला माफ—"

"नाही केलं. रागावलोय. खूप."

"मग... आलात कशाला?"

त्याने तो कोरा बर्फ टेबलावर ठेवला.

"घरात आता कुणी नाही. एवढा राग घेऊन कुठे बसावं, तर... इथेच बसावंसं वाटलं."

मी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. फोटोच्या एका कडेला त्याचा हात, दुसऱ्या कडेला माझा — आणि मध्ये केवढा तरी बर्फ.